बगळ्याच्या मानेची रेष

मोटारगाडी आधी मातीची करतात, हे मी पनवेलमध्ये कुणालाच नीट पटवून देऊ शकले नाही. आईलासुद्धा नाही. मी इटलीहून सुट्टीवर आले की ती शेजारणींना सांगायची, "ही तिकडे गाड्यांच्या कंपनीत आहे," आणि शेजारणींना वाटायचं, मी ऑफिसात बसून हिशेब बघत असणार. एकदा एका काकूंना मी सगळं सविस्तर सांगितलं. खरी गाडी बनण्याआधी तिच्याच मापाची मातीची गाडी करतात, हातांनी घासून घासून तिचा आकार ठरवतात, आणि ते काम मी करते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पेणला गणपती करतात तसंच ना?"

मी हो म्हटलं. तसं ते अगदीच चूक नव्हतं.

डिझाइन मी मुंबईत शिकले. मग शिष्यवृत्ती मिळाली, इटलीला गेले आणि शिक्षण संपल्यावर तिथल्याच एका कंपनीत लागले. एकविसावं शतक नुकतं सुरू झालं होतं. कंपनी लहान होती, जुनी होती आणि श्रीमंत लोकांसाठी वेगवान गाड्या करत होती. शौकिनांमध्ये तिचा मोठा दबदबा होता, पण कारखाना मात्र एका खेड्याच्या कडेला, आणि भोवती भातशेती. इटलीत भात पिकतो हेच मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा खाचरांत पाणी भरलं होतं आणि पाण्यात बगळे उभे होते. बसच्या खिडकीतून ते बघितलं आणि पनवेल आठवलं. आमच्या खाडीच्या कडेला असेच उभे असतात, चिखलात, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखे.

कारखान्याच्या फाटकावरही बगळाच होता. पत्र्यातून कापलेला, एका पायावर उभा. तीच कंपनीची खूण. प्रत्येक गाडीच्या नाकावर तो असायचा.

मातीच्या खोलीचा प्रमुख एक म्हातारा होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यानं मला हत्यारं दाखवली नाहीत की माती दाखवली नाही. तो मला एका भिंतीपुढे घेऊन गेला. तिथे लाकडाचा एक मोठा सांगाडा टांगला होता, होडी उलटी करून लटकवावी तसा. कंपनीच्या पहिल्या गाडीचा तो साचा.

"हात फिरव," तो म्हणाला. "बघत बसू नकोस. हात फिरव."

मी हात फिरवला. पुढच्या चाकावर उंचवटा होता, मग दारापाशी लांब उतार, आणि मागच्या चाकावर परत उंचवटा, पण पहिल्याहून बुटका. तिथून रेष हळूच शेपटीकडे उतरून संपत होती. कुठे संपली ते हाताला कळलं नाही.

कंपनी दोन भावांनी काढली होती, ही हकिगत त्यानं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितली. भाताच्या गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाचे ते मुलगे. थोरल्याला इंजिनाचं वेड, धाकट्याला पत्र्याचं. धाकटा वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकायचा, आणि साच्यावर बसवून बघायचा. बसला नाही की पुन्हा ठोकायचा. बगळा उडताना मान आत घेतो, तेव्हा त्या मानेला जो बाक येतो तो त्यानं गाडीच्या अंगावर आणला, असं तिथे सगळे मानत. मास्तरचं मत वेगळं होतं.

"पत्रा तसा वळत होता म्हणून रेष तशी झाली," तो म्हणायचा. "बगळा नंतर आला. गाड्या विकणाऱ्यांनी आणला."

पण रेषेवर त्याची श्रद्धा होती. त्या पहिल्या गाडीनंतर जी जी गाडी निघाली तिच्या अंगावर ती होती. बाकीच्या कंपन्यांच्या गाड्यांची तोंडं दरवर्षी मोठी होत गेली, पंख फुटले, कडा धारदार झाल्या. यांच्या गाडीचं तोंड लहानच राहिलं. अंगावर नक्षी नाही, आत एकच गोल घड्याळ, आणि बैठकीच्या चामड्याला हाताची शिवण. "आमच्या गाड्या ओरडत नाहीत," एवढंच मास्तर सांगायचा. नव्या मुलांना हे जुनाट वाटायचं. मला वाटत नव्हतं. मीही फारशी बोलणारी नव्हते.

माझ्या वाट्याला जी गाडी आली ती अडचणीत जन्मली. रस्त्यावरच्या माणसाला धडक बसली तर त्याचं डोकं इंजिनावर आपटू नये, म्हणून बॉनेट उंच ठेवायचा नियम नुकताच झाला होता. नियम चांगलाच होता. पण पुढचा भाग उंचावला आणि मागचा बुटका उंचवटा खचल्यासारखा दिसायला लागला. वरच्या लोकांचं म्हणणं, मागचाही उचला, सगळे उचलतात तसा. मास्तर हटून बसला. भांडणं झाली. शेवटी त्यानं थोडी मुदत मागून घेतली आणि मागचा भाग न उचलता रेष जुळवायचं काम माझ्या हवाली केलं.

आमच्याकडे गाडीची एकच बाजू हातांनी करत. ती मनासारखी झाली की यंत्र तिची मापं घेऊन दुसरी बाजू कापून काढी. मला डावी बाजू मिळाली, दारामागच्या फटीपासून शेपटीच्या दिव्यापर्यंत. माती तपकिरी, भट्टीत गरम करून लावायची, निवली की घट्ट व्हायची. मग पोलादी पट्टीनं केसाएवढी खरवडायची. तिला गंधकाचा वास असे. तो केसांत बसायचा, बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. मी लावत होते, काढत होते. वर चकचकीत कागद चढवून दिव्याच्या नळ्यांखाली उजेड बघत होते. उजेडाची पट्टी रेषेवरून सरळ वाहिली पाहिजे. ती कुठेतरी अडखळायचीच. त्या दिवसांत मी दुसऱ्या माणसाशी किती बोलले असेन, आठवत नाही. भाड्याच्या खोलीत परत यायचे, भात टाकायचे, आईला फोन करायचे. आई विचारायची, "आज काय केलंस?" मी सांगायचे, "कालचंच."

एका संध्याकाळी मास्तर आला, त्यानं मातीवर तळवा ठेवला आणि दारापासून शेपटीपर्यंत चालत गेला. मग परत तेच केलं. मग खुंटीवरचा कोट घेतला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी मापं घेणारे आले, तेव्हा मला कळलं की काम झालं.

ती गाडी बाजारात आली आणि वर्षा-दोन वर्षांत जगभर मंदी आली. कंपनी एका मोठ्या उद्योगानं विकत घेतली. नव्या लोकांनी खोली फिरून बघितली, फार छान आहे म्हणाले, आणि यापुढे सगळं पडद्यावर होईल असं कळवलं. मास्तर निवृत्त झाला. मला दुसऱ्या शहरात पडद्यापुढची नोकरी देऊ केली होती, पण तेवढ्यात आईचं आजारपण निघालं आणि मी पनवेलला आले.

आई पुढच्या वर्षी गेली. बाबा आधीच गेले होते. नव्या पनवेलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले.

पोटापाण्यासाठी आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये चित्रकला शिकवायला लागले. मुलं चांगली होती. त्यांना दोन महिन्यांत परीक्षेपुरतं चित्र यायला हवं असायचं, ते मी शिकवायचे. इटलीत होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर एकच प्रश्न यायचा, पिझ्झा तिथला चांगला की इथला. घरी आलं की दार उघडायचं, पंखा लावायचा. आईचा चष्मा टीव्हीवर होता तसाच ठेवला होता. शनिवार कसाबसा जायचा. रविवारी मात्र घर अंगावर यायचं, म्हणून मी बस पकडून मोरा बंदराला जायचे. धक्क्यावर बसायचं, मुंबईहून येणारी लाँच बघायची, उतरणाऱ्या माणसांना न्यायला कोण कोण आलंय ते बघायचं आणि परत यायचं.

अशाच एका रविवारी वाटेत गव्हाण गावापाशी बस अडकली. पुढे जासईपर्यंत कंटेनरवाले ट्रेलर एकामागे एक उभे होते. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याला लागून एक नवा दुमजली बंगला होता, गुलाबी रंगाचा, वर सिंह बसवलेले. शेजारी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली एक गाडी.

ताडपत्री सैल होती, पण मागच्या चाकावर ती अंगाला चिकटली होती. मी बघितलं आणि बसमधून उतरले. कंडक्टर मागून ओरडला, "ताई, स्टॉप नाही हा!"

बंगल्याच्या ओट्यावर एक बाई सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. साठीच्या पुढची, काळीसावळी, काटक, लुगडं नेसलेली. तिनं मान वर केली.

"कोन पायजे गो?"

"ती गाडी..."

"इकाची नाय. पोराची हाय."

"विकत नको मला, मावशी. नुसती बघायची होती."

"सगलेच बघाला येतात," ती म्हणाली, पण उठली. हात लुगड्याला पुसले आणि ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघींनी मिळून ती काढली.

करड्या-निळ्या रंगाची होती. मागच्या काचेवर एकवीरा आईचा मोठा स्टिकर होता, पुढच्या लहानशा तोंडावर लिंबू-मिरची बांधली होती, बगळ्याच्या बरोबर खाली. मी डाव्या बाजूला गेले. दारामागच्या फटीवर बोटं ठेवली आणि शेपटीपर्यंत हात नेला. पत्रा उन्हानं तापला होता. हाताला सगळं ओळखीचं लागलं. एके ठिकाणी उजेडाची पट्टी फार दिवस अडखळली होती, ती जागासुद्धा सापडली.

"रडतेस कशाला गो बाय?"

मी रडत होते हे मला तिच्यामुळे कळलं.

"ही मी केली आहे," मी म्हटलं.

"काय केलास?"

"ही गाडी. म्हणजे ही बाजू. इथून इथपर्यंत."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघतात तसं, पण रागानं नाही.

"घरी कोन हाय तुज्या?"

"कुणी नाही."

"मंग चाय पी," ती म्हणाली आणि आत गेली.

चहा पिताना तिनं स्वतःचं सांगितलं. यांची शेती होती आणि मिठागर होतं. नव्या शहरासाठी सरकारनं जमीन घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, मुलगा बिल्डर झाला. बंगला बांधून होईपर्यंत नवरा राहिला नाही. मुलानं हौसेनं ही गाडी घेतली, मुंबईतल्या कुणाकडून, वापरलेली. पण गाडी इतकी बुटकी की फाट्यावरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासायचं. काही महिने मिरवली. मग सुनेला गावात करमेना, मुलगा, सून आणि नातू खारघरच्या टॉवरमध्ये राहायला गेले. गाडी इथेच राहिली.

"जाताना बोल्ला, आये, गाडीवर लक्ष ठेव," ती म्हणाली. "आता मी रोज सकाली पुसतंय. गाडी तरी हाय."

मी पुढच्या रविवारी परत गेले. मोऱ्याच्या धक्क्याऐवजी गव्हाणला उतरायला लागले. ती माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि कधी बोंबलाचं कालवण ठेवायची. मी तिला दर वेळी थोडं थोडं सांगत गेले. दोन भावांचं, वाळूच्या पोत्याचं, भाताच्या खाचरांचं. बगळ्याचं ऐकून ती खूष झाली.

"तिकरं पन बगले? मंग भात पन आपल्यासारकाच?"

"जरा जाडा."

"जाडाच बरा. पोटाला लागते." मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पन काय गो, यवडा घासाचा कशाला? रंगाखाली कोनाला दिसते?"

"दिसत नाही. पण चुकलं तर दिसतं."

हे तिला फारसं पटलं नाही. मास्तर बहुधा यावर चिडला असता. मला मात्र बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी वाद घातला नव्हता.

दुसऱ्या एका रविवारी तिनं विचारलं, "डावी बाजू तुजी. मंग उजवी कोनाची?"

"यंत्राची. डावीवरून काढलेली."

त्यानंतर ती गाडी पुसायची तेव्हा डाव्या बाजूपासून सुरुवात करायची. मला सांगितलं नाही, मीच बघितलं. आणि एकदा भाकरी थापता थापता, पाठमोरी असताना, तिनं विचारलं, "आता काय काम देतेस हातांना?"

"मुलांना चित्र शिकवते."

"ता पोरांच्या हातांचा काम. तुज्या हातांना काय?"

मी परातीतलं पीठ मळायला घेतलं. तिनंही परत विचारलं नाही, भाकरी उलटली.

पावसाळा संपल्यावर मुलानं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं होतं, ट्रक पाठवून गाडी नेणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी मुलानं मेकॅनिक पाठवला. मी तिथेच होते. नवी बॅटरी बसवून त्यानं गाडी सुरू केली, आणि मुलाचा फोन आला, तो मावशीनं माझ्या हातात दिला.

"मॅडम, आई सांगते तुम्ही याच कंपनीत होतात. गाडी चालवता ना? जरा उलव्याच्या बाजूला दोन-चार राउंड मारून घ्या, प्लीज. खूप दिवस उभी आहे. तेवढी सुरळीत चालली की मला टेन्शन नाही."

मी चालवते म्हटलं. खरं म्हणजे मी ती गाडी कधी चालवली नव्हती. आमच्यापैकी कुणालाच चालवायला मिळत नसे. माती खरवडणाऱ्यांना कोण देणार. लायसन्स होतं, आणि इटलीत एक जुनी डबडा गाडी मी बरीच वर्षं चालवली होती.

फोन ठेवला तर मावशी दारात उभी. लुगडं बदललेलं, केसांना तेल, पायात नव्या चपला.

"मी पन येतंय," ती म्हणाली. "कवा बसली नाय."

"कधीच नाही? एवढ्या दिवसांत?"

"पोरगा म्हनाचा, पाय धू, मंग बस. पाय धुवून येयाची तवर तो गेलेला असाचा."

ती बसली ती थेट खाली, गुडघे वर. "ही तं पाटावर बसल्यासारकी हाय," म्हणाली. दोन्ही हातांनी बैठक चाचपली, शिवणीवरून बोट फिरवलं. मी गिअर टाकला. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीतला होता, घशातल्या घशात.

"जात्यावानी वाजते," ती म्हणाली.

फाट्यावरचा स्पीडब्रेकर मी तिरका काढला, तरी खालून खर्रकन आवाज आलाच. मावशीनं हात कपाळाला लावला. पण उलव्याच्या बाजूला वळलो आणि रस्ता मोकळा झाला. तेव्हा तिथे इमारती थोड्याच होत्या. रुंद रस्ते, दोन्हीकडे दिवे, आणि मध्ये नुसते गवत वाढलेले प्लॉट. माणूस नाही. सकाळचं ऊन होतं. मी जरा वेग दिला. स्टिअरिंग हातात हलकं होतं. मी आरशात बघितलं तर डाव्या आरशाच्या कोपऱ्यात मागचा उंचवटा दिसत होता, आणि त्याच्या चकचकीत पत्र्यावरून रस्त्याच्या दिव्यांचे खांब एकामागून एक वाहत जात होते. कुठे अडखळत नव्हते.

मला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. कुणाला सांगायचं ते सुचेना, म्हणून मावशीला म्हटलं, "बघा, मावशी, आरशात बघा."

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती समोर बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "हितंच. थांब."

मी गाडी कडेला घेतली. तिला उतरायचं होतं, पण इतक्या खालून उठता येईना. मी फिरून तिच्या बाजूला गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि ओढून उभं केलं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डोंगराची सोंड कुठे आहे ती बघितली आणि चार पावलं मागे सरकली.

"हितं आमचा मिठागर," ती म्हणाली. "हितून त्या खांबापरयंत. तिकरून भरतीचा पानी घ्याचो. मी लगीन होऊन आयले तवापासून. पाय फाटायचं मिठानं. पावसाच्या आदी ढीग लागायचं, पांडरं, लांबून बघितला तर डोलं दिपायचं."

खाली डांबर होतं, मध्ये पांढरे पट्टे ओढलेले.

"तुजा काम बघाला तरी मिळते गो," ती पायानं पट्टा घासत म्हणाली. "तू उतरलीस बशीतून, हात लावलास, वलाखलास. माजा काय? मीठ होता. लोकांनी खाल्ला."

आणि ती हसली. मोठ्यानं, त्या रिकाम्या रस्त्यावर. मीही हसले. लांबून एक डंपर येत होता, त्यानं हॉर्न दिला तशी आम्ही बाजूला झालो. मी तिला परत गाडीत बसवलं. परतीच्या वाटेवर फाट्यावरचा स्पीडब्रेकर आल्यावर ती म्हणाली, "सांबाळून."

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून मी गेले. ट्रक आला होता. मुलगाही आला होता, नम्र होता, मला दोनदा थँक्यू म्हणाला. माणसांनी गाडी फळ्यांवरून ट्रकवर चढवली, चाकांना पट्टे आवळले. मावशीनं पुढची लिंबू-मिरची सोडून घेतली आणि नारळ फोडला. ट्रक निघाला. ट्रेलरच्या रांगेत तो फार वेळ तिथेच उभा होता, त्यामुळे निरोप लांबत गेला. आम्ही उभ्या राहिलो, बसलो, परत उभ्या राहिलो. शेवटी रांग हलली. मावशीनं ताडपत्रीची घडी घातली. शेड रिकामी बघवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं तिथे लाकडं रचली.

पुढे वर्षभरात मुलगा तिला खारघरला घेऊन गेला. बंगला एका कंटेनरवाल्याला ऑफिससाठी भाड्यानं दिला. मी टॉवरमध्ये तिला भेटायला गेले. खाली वहीत नाव लिहून, वॉचमननं वर विचारून, मग लिफ्ट. सून चांगली होती, तिनं सामोसे मागवले. मावशी बाल्कनीतल्या खुर्चीत बसली होती. गाउन घातला होता, त्यात ती मला एकदम लहान वाटली. कशा आहात विचारलं तर म्हणाली, "हितं सगला हाय. कराला काय नाय." निघताना तिनं माझे हात हातात घेतले, उलटेपालटे करून बघितले आणि सोडून दिले.

त्याच आठवड्यात मी पुण्याच्या एका कंपनीला माझ्या कामाचे फोटो पाठवले. त्यांच्याकडे स्कूटरची मॉडेलं अजून मातीत करत होते. त्यांनी बोलावलं. मला वाटलं होतं स्कूटर म्हणजे काय, एवढीशी. पण स्कूटरलाही दोन बाजू असतात. पहिल्या दिवशी भट्टी उघडली, गंधकाचा वास आला, आणि शेजारच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला.

पुण्यात खोली घेतली. पनवेलचा फ्लॅट काढला नाही. शनिवारी सकाळी येते, खिडक्या उघडते, धूळ पुसते, एका माणसाचा कुकर लावते. जेवायच्या वेळेला मावशीचा फोन येतो. शनिवारीही नातू शाळेत, सून ऑफिसात, मुलगा साइटवर, म्हणून ती तेवढ्यात करते.

"जेवलीस?"

"बसतेच आहे."

"एकटीच?"

"हो."

"मी पन," ती म्हणते. आणि मग आम्ही फोन बाजूला ठेवतो, बंद न करता, आणि जेवतो. तिच्या ताटाचा आवाज मला येतो, माझ्या ताटाचा तिला येत असेल. बोलायला फारसं काही नसतं.